ताडपत्रीचं रेशीम

लिहा, पण मी बोलते तसंच लिहा, वरून साखर पेरू नका. मागं एक मुलगी आली होती कुठल्या तरी मासिकाकडून, तिनं लिहिलं की सुलोचनाबाईंच्या हसऱ्या डोळ्यांत वाळवंट दिसतं. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी मी एकदाही हसले नव्हते. चिडलेच होते. तिला तसं सांगितलं पण होतं, मी चिडलेली आहे म्हणून. ते तिनं लिहिलं नाही.

मी सुलोचना, जन्म इथलाच, चामराजपेटेतला. अप्पांचं शामियान्याचं दुकान होतं, लग्नाचे मांडव, सभेचे मांडव, कनाती, सगळं घरात शिवायचं आणि भाड्यानं द्यायचं. आमच्या घरात सांगायचे की आमचे मूळपुरुष मराठी फौजेबरोबर इकडं कर्नाटकात आले ते लढायला नाही, डेरे शिवायला आले. खरं खोटं देव जाणे, पण अप्पा ते असं सांगायचे की जणू काल परवाच घोड्यावरनं उतरलेत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि मराठीत पण अर्धं कन्नडच, स्वल्प थांब, सरी, आता ऊट कर आणि झोप, म्हणजे जरा थांब, बरं, आता जेव आणि झोप, असंच आम्ही बोलतो. पुण्याची माणसं हसतात. हसू देत.

मला लहानपणापासून पट्टीला पट्टी जोडायची सवय. लाल पट्टी, पिवळी पट्टी, जाड सुई, मेणाचा दोरा. अप्पा म्हणायचे, शिवण अशी पाहिजे की वाऱ्यानं कापड फाटावं पण शिवण फाटू नये. मग लोखंडी मांडव आले, मंगल कार्यालयं आली, आणि दुकान बंद पडलं, त्यात मी काही कुणाला दोष देत नाही. लग्न होऊन मी आनेकलला गेले. आमचे हे तिथं कारखान्यात होते, चांगला माणूस, कमी बोलणारा, कावीळ झाली आणि गेले. ज्योती तेव्हा शाळेत. मोठ्या जावेनं सांगितलं, सुलोचना, पोरीला मी बघते, तू कुवेतला जा, माझी चुलत बहीण गेली आहे, तिथं म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला बायका लागतात. मी गेले. रडत गेले असं लिहू नका. रागानं गेले. नवऱ्यावर राग, त्यानं असं मधेच सोडून जायला नको होतं.

आता त्या म्हातारीचं सांगते, ते नीट लिहा, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं आहे.

घरातले सगळे तिला यम्मा म्हणायचे, म्हणजे आई. आमच्या उत्तर कर्नाटकातल्या बायका पण यम्माच म्हणतात, म्हणून मला त्या परक्या घरात तो एकच शब्द ओळखीचा वाटला. यम्मा बदू होती, वाळवंटात उंट मेंढ्या घेऊन फिरणाऱ्यांतली. तंबूत जन्मली, तंबूत लग्न, तंबूत पहिलं मूल. काळ्या केसांचा तंबू, बकरीच्या केसांचा, आणि तो बायकांनीच विणायचा. पुरुष उंट राखणार, बायका घर विणणार. आपण म्हणतो घर बांधलं, ती म्हणायची घर विणलं. पुढं तेल आलं, शहर आलं, सरकारनं घरं दिली, यम्मा सिमेंटच्या घरात आली. पण मागच्या अंगणात वाळू होती, आणि त्या वाळूत चार खुंट्या ठोकून तिनं जमिनीवर माग मांडला होता. आडव्या दोन काठ्या, मधे लांबच लांब उभ्या धाग्यांचा ताणा, ती मांडी घालून बसायची आणि हरणाच्या शिंगानं धागा ठोकत पुढं सरकायची. काळं पांढरं लाल. आणि नक्षी म्हणजे फुलं वेली नव्हे बरं का. जे बघितलं ते. उंटाचा डाग, विंचू, कंगवा, आणि मग पाण्याचा टँकर. होय, टँकर! विजेचा खांब. ट्रॅफिकचा दिवा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसले, हे काय यम्मा, तर तिनं ते शिंगच हातावर मारलं. म्हणाली, माझ्या आईनं उंट बघितले, तिनं उंट विणले, माझ्या दारात टँकर येतो, मी खोटं विणू का?

तिनंच मला शिकवलं. तिची भाषा मला अर्धी कळायची, माझी तिला काहीच नाही, तरी शिकवलं. चुकलं की शिंगाचा मार. सूत कातायला, ताणा लावायला, रंगाचा धागा वर कधी घ्यायचा खाली कधी सोडायचा. दुपारी घर झोपलं की आम्ही दोघी अंगणात. ज्योतीची आठवण आली की मी जोरात ठोकायची, यम्मा म्हणायची, ठोक, अजून ठोक, विरळ कापडातनं वाळू आत येते.

मग त्या घरावरनं मोठा रस्ता जाणार असं ठरलं आणि मुलानं उंच इमारतीत फ्लॅट घेतला. चांगला होता तो, वाईट नाही, आईचे पाय चेपायचा. पण त्याला वाटलं आई खूश होईल, वरून समुद्र दिसतो. यम्मानं आत पाऊल टाकलं, सगळीकडं फिरली, बाल्कनीत गेली, परत आली आणि विचारलं, खुंटी कुठं ठोकू? सगळी फरशी. मुलगा म्हणाला, आता कशाला विणायचं यम्मा, किती विणलंस, आराम कर. तिनं ऐकलं नाही, ताणा एकीकडून सोफ्याच्या पायाला बांधला आणि दुसरीकडून कपाटाला, मी कपाटाला पाठ लावून बसून राहायची ते सरकू नये म्हणून. पण फरशीवर ताण बसत नाही. कापड वाकडं यायला लागलं. एक दिवस तिनं ते सगळं कापून टाकलं आणि पलंगावर जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपली. डॉक्टर म्हणाले वय झालं. वय झालं! मला विचारा काय झालं. फरशी झाली. ती गेली त्याच्यानंतर मी तिथं राहिलेच नाही, परत आले.

परत आले तर ज्योती शिकून मोठ्या ऑफिसात लागलेली, लग्न झालेलं, बेळ्ळंदूरला तळ्याकडं तोंड असलेल्या इमारतीत उंचावर फ्लॅट. आई, इथंच राहा आता. मी आत पाऊल टाकलं, खाली बघितलं, सगळी फरशी. काय सांगू तुम्हाला, मी पण आधी खुंटीचीच जागा शोधली. पोरीला नाही सांगितलं. तिनं किती हौसेनं घेतलेलं.

इमारतीच्या मागं एक रिकामी जागा होती आणि तिथं निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या. रायचूर, यादगिरीकडची माणसं, त्या जागेपलीकडच्या नव्या टॉवरच्या बांधकामावर आलेली. वरून बघितलं की निळंच निळं. एक दिवस मी लिफ्टनं खाली गेले आणि त्या मातीवर जाऊन उभी राहिले, चप्पल काढून. एक बाई भांडी घासत होती, म्हणाली, काय अक्का, काही हरवलं काय? मी म्हणाले, मला चार खुंट्या ठोकायला जागा देशील का? तिला वाटलं म्हातारी वेडी. ती हुलिगेम्मा. नवऱ्याला सांगून तिनं सळईचे चार तुकडे आणवले आणि तिच्या झोपडीशेजारी ठोकून दिले. चळ्ळकेरेकडनं घोंगडीची लोकर मागवली, बकरीचे केस इथल्याच शिवाजीनगरच्या खाटकांकडनं आणले, आणि मी परत विणायला बसले. दुपारच्या सुट्टीत बायका यायच्या, कुणी सूत काताय बसायची, कुणी नुसती चहा पीत. आणि मी काय विणलं? जे बघितलं ते. क्रेन, लिफ्टचा पिंजरा, हुलिगेम्माच्या डोक्यावरचं घमेलं.

ज्योतीच्या इमारतीतच सई राहायची, पुण्याची, चित्रकार. नुसती चित्रं नाही, ती चित्रात लोखंड, काच, दोऱ्या, काय काय चिकटवायची, शिवायची. बाल्कनीतनं तिनं मला बघितलं आणि धावतच खाली आली. मावशी, हे तर बदू विणकाम आहे, मी दुबईला म्युझियममध्ये बघितलंय, तुम्हाला कसं येतं? सांगितलं. ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आवडली पोरगी. खोटं नाही बोलणार, आवडली. म्हणाली, आपण दोघी मिळून करू, तुमच्या पट्ट्या, त्यात मी शहर घालते. त्याच नव्या टॉवरच्या कंपनीला खाली दारात लावायला मोठं काहीतरी पाहिजे होतं, ते काम तिच्याकडं आलेलं. विषय पण तोच, तंबूतनं टॉवर.

चांगले दिवस होते ते. ती मातीत माझ्याजवळ बसायची, महागाचे कपडे घालून. बांधकामाची हिरवी जाळी कापून तिनं माझ्या पट्ट्यांमधे घातली, सळया बांधायची तार, वायरींचे रंगीत तुकडे, फुटलेल्या फरशा. मी लांब पट्ट्या विणायची आणि मग आम्ही दोघी त्या जोडायचो, तंबूच्या जोडतात तशा. मोठं होत गेलं. उभं केलं की खालून तंबूसारखं आणि वर वर जाताना इमारतीसारखं, सगळ्या खिडक्या लोकरीच्या. हुलिगेम्मा म्हणाली, अक्का, ह्या घराला दार कुठं आहे? सई हसली, म्हणाली, करू या दार.

आणि मग एके सकाळी जेसीबी आला.

कंपनीच्या दुसऱ्या टॉवरसाठी ती जागा मोकळी करायची होती. आदल्या दिवशी सुपरवायझर बोलून गेलेला म्हणे, पण असं अचानक कोण जातं? मी आवाज ऐकून खाली गेले तर निम्म्या झोपड्या गेलेल्या. हुलिगेम्मा भांडी गोळा करत होती. ओरडत नव्हती, रडत नव्हती, नुसती पटापटा गोळा करत होती, सवय असल्यासारखी, आणि त्या सवयीचाच मला सगळ्यात जास्त राग आला. मी जेसीबीसमोर गेले, त्या ड्रायव्हरला कन्नडात नको नको ते बोलले. तो बिचारा म्हणाला, अम्मा, मी नाही तर दुसरा येईल. माझा माग तिथंच होता, त्याच्यावरनं चाक गेलं. खुंट्या वाकल्या, ताणा तुटला. दुपारपर्यंत तिथं काही नव्हतं. टेम्पोत बसून ती सगळी आनेकलच्या बाजूला दुसऱ्या कामावर गेली. मागं हुलिगेम्माच्या झोपडीची फाटकी ताडपत्री चिखलात पडलेली.

सई आली, तिनंच ती उचलली. हे मी मुद्दाम सांगते, उचलली तिनंच. म्हणाली, मावशी, ही आपल्या कामात गेली पाहिजे, हेच आपलं दार. मी ती धुतली, बारीक पट्ट्या कापल्या, ज्योतीच्या इमारतीच्या बागेत माळ्याच्या परवानगीनं खुंट्या ठोकल्या आणि ताण्यातच ती निळी ताडपत्री काळ्या केसांबरोबर लावली. विणताना हात कापले माझे, प्लॅस्टिक ते. पण अशी पट्टी मी आयुष्यात विणली नव्हती. निळा पट्टा, मधे मधे चिखलाचे डाग, ते काही जात नाहीत, मी घालवले पण नाहीत. ती आम्ही मधोमध जोडली. दार.

कंपनीचा साहेब बघायला आला. मोठा गोड माणूस, मला वाकून नमस्कार केला. वा वा म्हणाला, हात लावून बघितलं, आणि मग दारापाशी थांबला. सईला बाजूला घेऊन इंग्लिशमधे बोलला. मी गल्फमधे राहिलेली बाई, मला काय इंग्लिश कळत नाही? म्हणाला, बाकी सुंदर आहे, हे निळं तेवढं बदला, इथं राहायला येणारी माणसं सकाळी सकाळी झोपडपट्टी बघायला येणार नाहीत.

तो गेल्यावर सई म्हणाली, मावशी, डोन्ट टेक इट पर्सनली, आपण असं करू, रंग तोच ठेवू, मटेरियल बदलू. त्याच निळ्या रंगाचं रेशीम लावू. अर्थ तोच राहील, ज्याला कळायचं त्याला कळेल.

रेशीम! मी विचारलं, कुणाला कळेल? रेशमाकडं बघून हुलिगेम्मा कुणाला कळेल? ती म्हणाली, मावशी, तुम्ही समजून घ्या, हे पूर्ण नाही झालं तर तुमची यम्मा पण कुणालाच दिसणार नाही, सगळंच जाईल, थोडं देऊन बरंच वाचतं. मी म्हणाले, यम्माचं नाव घेऊ नकोस. तिनं टँकर विणला, तिच्या दारात टँकर आला म्हणून विणला, तुझ्या दारात जेसीबी आला आणि तू रेशीम लावतेस. ती रडायला लागली. मी सुई घेतली, दाराची शिवण उसवली, पट्टी गुंडाळली आणि घेऊन आले. बाकीचं तिथंच सोडलं, त्यात तिचे पण कष्ट होते, ते मी कसं घेऊ? ज्योती मला म्हणाली, आई, एवढं काय त्यात, रंग तर तोच आहे. माझी स्वतःची पोर! त्या दिवशी मी जेवले नाही.

उद्घाटनाला जाणार नव्हते. सईनं दोनदा गाडी पाठवली, ज्योती म्हणाली, चल ग, तुझं नाव आहे तिथं. गेले. टॉवरच्या खालच्या हॉलात, चकचकीत फरशी, वरून दिवे सोडलेले, आणि मधे ते आमचं उभं. सुंदर दिसत होतं. मी सांगते, सुंदरच दिसत होतं, आणि त्याचा अजून राग येत होता. मधोमध निळं रेशीम, झुळझुळीत. साहेबानं माइक घेतला आणि म्हणाला, वाळवंटातल्या भटक्या बायकांची ही हरवलेली कला, आमच्या शहराच्या वाढीशी जोडलेली, आणि हे मधलं निळं बघा, हे आमचं बेळ्ळंदूरचं तळं आहे, शांत, स्वच्छ.

तळं! त्या तळ्याचा फेस रस्त्यावर येतो वास मारत, सगळ्या गावाला माहीत आहे. आणि हे निळं म्हणजे ते तळं?

मी उठले. ज्योतीनं पदर ओढला, मी सोडवून घेतला. मी कन्नडात बोलले, कारण भिंतीला टेकून उभे असलेले वॉचमन, चहा फिरवणाऱ्या मुली, फरशी पुसणाऱ्या बायका, त्यांना कळायला पाहिजे होतं. मी म्हणाले, ते तळं नाही. ती हुलिगेम्माची भिंत आहे. तुम्ही उभे आहात त्याच्या मागच्या जमिनीवर ती राहत होती, हे वरचे मजले तिनं डोक्यावरनं वाहिलेत, आणि तिची भिंत तुम्ही जेसीबीनं काढली आणि आता रेशमाची करून इथं लावली. आणि कला हरवली म्हणता, हरवायला ती काय किल्ली आहे? तिच्याखालची जमीन काढून घेतली. तिकडं पण घेतली, इकडं पण घेतली. हे सांगा माइकवर.

एक वॉचमन माझ्याकडं बघत होता, त्याची मान हलली. मला वाटलं, आता काहीतरी होईल, साहेब चिडेल, मला बाहेर काढतील, काहीही. आणि साहेब म्हणाला, थँक यू अम्मा, किती मनापासून बोललात. आणि टाळ्या वाजल्या. अहो, टाळ्या! सगळ्यांनी वाजवल्या, ज्यांना एक शब्द कळला नाही त्यांनी पण, कार्यक्रमातलाच भाग समजून. मला शिव्या दिल्या असत्या तर मी शांत झोपले असते. टाळ्यांना काय उत्तर देणार?

सई वाजवत नव्हती. ती त्या रेशमासमोर उभी होती, खाली मान घालून. तेवढं मी बघितलं.

बाहेर आले तर फरशी पुसणाऱ्यांतली एक मागनं आली, म्हणाली, अक्का, हुलिगेम्मा माझ्या नात्यातली आहे, पत्ता पाहिजे काय? पुढच्या रविवारी ती आणि मी आनेकलच्या बसमधे बसलो. तिथं पण तसंच, उघडी सळई, उघडी माती, नवी ताडपत्री. हुलिगेम्मा मला बघून हसली, पहिलं विचारलं, अक्का, तुझा माग मोडला की ग. स्वतःचं घर मोडलं ते नाही. मी पिशवीतनं ती पट्टी काढून तिला दिली, म्हणाले, ही तुझी भिंत, घे. तिनं हात फिरवला, वास घेतला, विचार केला आणि म्हणाली, भिंतीला नको अक्का, पावसात हिला बकऱ्यासारखा वास येईल. पण जाड आहे, खाली अंथरायला बरी. खालून लई गार लागतं. आणि तिथंच अंथरली आणि मला बसवलं तिच्यावर, चहा दिला.

आता दर रविवारी जाते. खुंट्या तिच्या नवऱ्यानं परत ठोकून दिल्यात. तिथनं पण उठतील ती सगळी, इमारत उभी राहिली की उठतील, मग पुढं कुठं जातील तिथं मी जाईन, गुडघे चालतील तोवर. दोन बायका विणायला शिकल्या. मी शिंगानं मारत नाही, तोंडानं मारते.

सई पण आली होती एकदा. मी बोलले नाही, पण चहाला नको पण म्हणाले नाही, माती सगळ्यांची आहे. तिनं ते टॉवरमधलं काढून मागितलं म्हणे, कंपनी म्हणाली आता ते आमचं. दुसरं एक प्रदर्शन आहे, त्यात ती निळी पट्टी, जशी आहे तशी, डागांसकट लावायची आहे असं म्हणाली. मी म्हणाले, मला विचारू नकोस, जिची आहे तिला विचार. तिनं मोडक्या कन्नडात विचारलं. हुलिगेम्मा म्हणाली, नेलीस तर मी झोपू कशावर?

पट्टी अजून हुलिगेम्माकडंच आहे, खाली अंथरलेली.

ज्योती म्हणते, आई, आता वय झालं, राग सोड, बीपी वाढतं. गोळी घेते मी रोज, तिचं मन राहावं म्हणून. देव तिचं बरं करो, त्या सईचं पण करो, पोरी वाईट नाहीत. साहेबाचं मी देवाला काही सांगत नाही, देवाला दिसतं. पण राग सोडायचं म्हणाल तर नाही. ज्यांनी उठवलं ते रात्री गाढ झोपतात, जी उठली तिला उद्याच्या घमेल्याची काळजी, मग रागवायचं कुणी? कुणीतरी एक पाहिजे की नको? मी आहे. लिहिलंत? असंच ठेवा.